लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होत नाही

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: आपल्या आज्यांनी आठ-आठ बाळंतपणं घरीच केली, गोळी नाही की सुई नाही, तरी सगळं सुखरूप झालं. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं आणि इतकं मोठं होतं की सिझर करावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन उगाच देतात. गूळ-खजूर खा, रक्त आपोआप वाढेल.

हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या घरातल्या सुना वेळेवर डॉक्टरकडे जातात, गोळ्याही घेतात. त्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच घरांत धुणीभांडी करायला येणाऱ्या पोरींचं. मी आरोग्य केंद्रात नर्स आहे, म्हणून हे बघते. सातव्या महिन्यातली एक मुलगी मला म्हणाली, "सिस्टर, मॅडम बोलल्या बाळ काळं होतं, म्हणून मी गोळ्या बंद केल्या." डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत पांढरीफटक. पिशवीतल्या गोळ्यांच्या पट्ट्या जशा दिल्या तशाच होत्या.

बाळाचा रंग आईबापाकडून येतो. गोळीने काळी होते ती संडास, कारण अंगी न लागलेलं लोह तसंच बाहेर पडतं. ते बघून बायका घाबरतात आणि अफवेला जोर येतो. मळमळतं, पोट साफ होत नाही, हेही खरं. रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. चहासोबत मात्र घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही दोन तासांच्या अंतराने घ्या.

बाळ मोठं होण्याचं म्हणाल तर भीती उलटी आहे. रक्त कमी असलेल्या आईचं बाळ कमी वजनाचं, अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका जास्त. सिझर फार होतात ही तक्रार मला मान्य आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारी ठिकाणी १४.३ टक्के. या दोन आकड्यांत एवढं अंतर का, हे जरूर विचारा. पण लोहाची गोळी सरकारी केंद्रातच फुकट मिळते. गोळीने सिझर होत असतं तर आकडे उलटे दिसले असते.

गूळ, खजूर, पालेभाज्या खाव्यातच, लिंबू पिळून खाव्यात. पण गरोदरपणात लोहाची गरज इतकी वाढते की नुसत्या जेवणातून ती भागणं कठीण. याच सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली तीव्र. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर अंगात रक्त असलेली बाई काही वेळ तग धरते, रक्त नसलेली तितक्याच स्रावाने हातची जाते. संध्याकाळी गायमुखहून कळव्याच्या रुग्णालयाकडे निघालेली ॲम्ब्युलन्स माजिवड्याला अडकते, तेव्हा हा फरक तिच्या जिवाचा असतो.

आता धनुर्वात. घरी विळ्याने नाळ कापायचे. आठवडाभरात बाळ दूध ओढेनासं व्हायचं, आखडायचं, जायचं. पाचवीला सटवाई पुजून बाळाला राखण्याची चाल ज्या भीतीतून आली, ती भीती खोटी नव्हती. आईला इंजेक्शन दिलं की संरक्षण नाळेतून बाळापर्यंत पोहोचतं. लस आणि दवाखान्यातली स्वच्छ बाळंतपणं, यांमुळे २०१५ मध्ये भारतातून माता व नवजातांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. हटला म्हणजे त्याचे जंतू मातीतून गेले असं नाही. इंजेक्शन थांबलं की तो परत येईल.

आणि आज्यांचं सुखरूप? आपल्याच जिल्ह्यातल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं. आई स्वतः चौदा वर्षांची. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. ज्या आज्या बाळंतपणातच गेल्या, त्यांची नातवंडं हा मेसेज लिहायला नाहीत. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात लाखभर जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. हा आकडा तपासण्या, लस, रक्त आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांनी खाली आणला आहे.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, येणं-जाणं सगळं मोफत आहे, २०११ पासून. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बाईला डॉक्टर तपासतात, तेही फुकट. पण ती येत नाही, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. ग्रुपवर काही पाठवायचंच असेल तर ही तारीख पाठवा. आणि तुमच्याकडे काम करणाऱ्या पोरीला त्या दिवशी सुट्टी द्या, पगार न कापता.