घरचं विरजण

आमच्याकडे नळाला नर्मदा एक दिवसाआड येते. जलूदहून सत्तर किलोमीटर, वर घाट चढून येते, म्हणून इंदुरात तिचा मान मोठा. ती आली की घरातलं प्रत्येक भांडं आणि प्रत्येक माणूस हजर लागतो. त्या मंगळवारी मीही हजर होतो, पण जेवणाच्या टेबलाशी, आणि सारखा एकच ओरडत होतो, "मोटर लावू नकोस!"

"का?" हौदाजवळून बायको.

"ग्लिबसी शिजतंय."

"किती वेळ आहे अजून?"

"एक एसबीयू."

ह्यावर तिने मोटर लावली. एमसीबी खटकन पडला. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच वारलेली, त्यामुळे त्यानेही मान टाकली.

तिची चूक नाही. एसबीयू म्हणजे किती, हे कुणालाच मिनिटांत सांगता येत नाही, आणि तीच तर त्यातली गंमत आहे. पण आधी, ग्लिबसीसारखे तुकडे शिजवून घरीच ऑपरेटिंग सिस्टिम बांधायच्या ह्या भानगडीत मी पडलो कसा, ते सांगतो.

माझा लॅपटॉप अकरा वर्षांचा. नवी सिस्टिम ह्यावर चालणार नाही, असा निरोप पडद्यावर आला, तेव्हा पुण्याच्या पुतण्याने येऊन तासाभरात लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. तिथेच थांबायला हवं होतं. पण अठ्ठावीस वर्षं पॉलिटेक्निकात पोरांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली आणि स्वतः लिहिलेला सर्वांत मोठा प्रोग्रॅम म्हणजे हजेरीपट, हे शल्य होतंच. पुतण्याच्या बोलण्यात 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' आलं. जेरार्ड बीकमन्स ह्या गृहस्थांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं फुकटचं पुस्तक. त्यात सांगितलंय तसं एकेक करत गेलं की नुसत्या सोर्स कोडमधून अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहते. तयार पीठ आणायचं नाही. गहू निवडण्यापासून सुरुवात.

"काका, वाचा," पुतण्या म्हणाला, "पण करू नका."

पहिला दिवस किराण्याचा. ऐंशीच्या आसपास पॅकेजेस, त्यांची एक यादी, आणि प्रत्येक पुडी अस्सल आहे का हे ताडायला आकड्यांची वेगळी चिठ्ठी. कमांड दिली की एकेका नावापुढे 'ओके' येत जातं. वाण्याची पिशवी आणि यादी घेऊन आई ओट्याशी बसायची, अगदी तसं. मात्र यादी तेव्हा दोन प्रकारची निघायची, कारण मशीन सुरू झाल्यावर सगळ्यांना उठवणारा कारभारी कोण, सिस्टमडी की जुना सिसव्ही, ह्यावर जगात दोन तट आहेत. स्मार्त आणि भागवत एकादशीसारखं हे प्रकरण असल्याने मी मुकाट्याने जुन्या बाजूला गेलो. घाईत दोन्हीकडचं सामान एकाच फोल्डरमध्ये उतरवलं होतं, ते बायकोने पाहिलं. "सगळं शहर सहा प्रकारचा कचरा वेगळा करून गाडीत टाकतं," ती म्हणाली, "आणि तुम्ही हे असं?"

मग खरा पेच. सोर्स कोड म्हणजे मजकूर. त्याचा प्रोग्रॅम करायला कंपायलर लागतो. पण कंपायलर हाही प्रोग्रॅमच, त्याचाही सोर्स कोड. मग कंपायलर कंपाइल कशाने करायचा? हे पोरांना समजावताना माझ्या तोंडाला फेस यायचा. आईला सांगितलं तर ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "शेजारून आणायचं."

"काय?"

"विरजण. दही लावायला दहीच लागतं ना? पहिल्यांदा शेजारून चमचाभर आणायचं. त्याचं दही शेजारच्याच चवीचं होतं. मग त्यातलं चमचाभर घेऊन पुन्हा लावायचं. दोन-तीनदा केलं की आपलं."

पुस्तकात नेमकं हेच आहे. जुन्या सिस्टिमच्या कंपायलरने जीसीसी नावाचा नवा कंपायलर बांधायचा. त्या जीसीसीने पुन्हा जीसीसी बांधायचा. मग जुन्या घराची दारं बंद करून, नव्या घरात कोंडून घेऊन, तिसऱ्यांदा बांधायचा. युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्पसन यांनी संगणकशास्त्रातल्या टुरिंग पुरस्काराच्या भाषणात ह्यातलाच धोका मांडला होता: कंपायलरमध्येच खोट असली तर ती त्याने बांधलेल्या पुढच्या कंपायलरमध्ये गुपचूप उतरत राहते आणि सोर्स कितीही वाचला तरी दिसत नाही. आईला हेही सांगितलं. "समोरच्यांच्या विरजणाला तार सुटते," ती म्हणाली, "म्हणून मी त्यांच्याकडून कधी आणत नाही."

आणि एसबीयू (स्टँडर्ड बिल्ड युनिट) म्हणजे वाटी. आजीच्या कृतीत 'दोन वाट्या रवा' असतो. कुठली वाटी, हे विचारायचं नसतं. जी घ्याल ती, फक्त शेवटपर्यंत तीच. तसं इथे पहिलं पॅकेज, बिनयुटिल्स, तुमच्या मशीनवर प्रोसेसरच्या एका कोअरने बांधायला जितका वेळ घेईल तो एक एसबीयू. पुढचं सगळं त्या मापात. पुस्तक लिहिणाऱ्यांनी चार कोअर आणि आठ जीबी मेमरी असावी असं सुचवलंय. माझ्याकडे दोन आणि चार. माझी वाटी बावीस मिनिटांची निघाली. म्हणजे वाटी कसली, पातेलंच. आणि शेवटचा जीसीसी त्याच्या चाचण्यांसकट चाळीसहून जास्त एसबीयू खातो.

तर मंगळवार. लाईट आली, टाकी भरली, मी पुन्हा बसलो. ह्या पुस्तकात एका लहानशा व्हेरिएबलवर सगळा संसार उभा आहे. नवं घर कुठल्या डिरेक्टरीत बांधतोय, तो पत्ता त्यात असतो. मशीन बंद पडून पुन्हा चालू केलं की हा पत्ता पुसलेला असू शकतो. तपासून घ्या, असं पुस्तक पुन्हा पुन्हा बजावतं. शिवाय साध्या युजरने काम करा, रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊ नका, असंही. मी सकाळपासून पासवर्ड टाकून कंटाळलो होतो, म्हणून रूट झालो. पत्ता रिकामा. पत्ता रिकामा असला की नवं सामान नव्या घरात न जाता थेट राहत्या घरात उतरतं. ग्लिबसी म्हणजे तर घरातला प्रत्येक प्रोग्रॅम जिच्या आधाराने उभा असतो ती लायब्ररी. मी चालत्या घराचा पाया बदलला होता. फाइल्सची यादी मागणारं 'एलएस' म्हटलं, उत्तर नाही. 'बंद हो' म्हटलं, तेही नाही.

संध्याकाळी शेजारचे भाईसाहेब डोकावले. "क्या भिया, बिगड़ गया? जेल रोड पे लड़का तीन सौ में डाल देता है."

पुन्हा सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत मी पत्ता इतक्यांदा तपासला की बायकोला वाटलं मी जप करतोय. चाचण्या सुरू झाल्या. काही चाचण्या नापास होणारच, काळजी करू नका, असं पुस्तकच सांगतं. बायको माध्यमिक शाळेत शिकवते. "नापास, आणि तरी पुढच्या वर्गात?" ती म्हणाली. "हे आमच्याकडेही आहे. मला वाटलं, फक्त आमच्याकडेच आहे."

मी तिला सांगितलं, लिनस टोरव्हाल्ड्सने १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनक्स जाहीर केलं तेव्हा हा निव्वळ छंद आहे असंच लिहिलं होतं. पहिल्या कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, जेमतेम दहा हजार ओळी होत्या, आज तीन कोटींच्या वर गेल्यात.

"तेव्हा तो किती वर्षांचा होता?"

"एकवीस."

"बघा," ती म्हणाली आणि वह्या तपासायला गेली.

कर्नलचा मेनू म्हणजे लग्नाच्या याद्या. हजारो प्रश्न. प्रत्येकाला हो, नाही, किंवा 'एम', म्हणजे मॉड्यूल, लागेल तेव्हा बोलवू. मदतीत जागोजागी लिहिलेलं: खात्री नसेल तर 'नाही' म्हणा. हे वाक्य मला तिशीत कुणी दिलं असतं तर दोन सोसायट्यांचं सेक्रेटरीपद वाचलं असतं. मी सोयीचं म्हणून बरंच काही 'एम' केलं. चालू केल्यावर मशीन कोसळलं: कर्नल पॅनिक, मूळ फाइल सिस्टिम सापडत नाही. रात्री दीड वाजता उलगडा झाला. डिस्कवरची फाइल सिस्टिम वाचायचं मॉड्यूल मी डिस्कवरच ठेवलं होतं. कपाटाची किल्ली कपाटात, आणि कपाट बंद.

एक 'एम' खोडून 'हो' केलं. सतराव्या दिवशी, नळाचा दिवस नव्हता, काळ्या पडद्यावर 'लॉगिन' आलं. मी पोहे, जिलेबी आणि वर जिरावण मागवलं. आई चष्मा लावून आली.

"ह्यात दिसतं काय?"

ब्राउझर नव्हता, त्यासाठी दुसरं, ह्याहून जाडजूड पुस्तक आहे. चित्र नाही, गाणं नाही. मी 'कॅल' टाइप केलं. चालू महिना उमटला. तिने तो बोट लावून तपासला. "एकादशी दाखव."

"एकादशी नाही दाखवत. पण हे बघ." मी सप्टेंबर १७५२ काढला. इंग्रजांनी तेव्हा कॅलेंडर बदललं, त्यामुळे त्या महिन्यात दोन तारखेनंतर एकदम चौदा येते, आणि हा प्रोग्रॅम ते इमानाने दाखवतो.

आईने दोनदा मोजलं. "अकरा तिथींचा क्षय?" चष्मा काढून ती म्हणाली. "पुन्हा बांधून काढ रे हे. कुठेतरी चुकलंय."