गिलावा नसलेल्या भिंतींच्या बाजूने

नागपूरहून दादाचा फोन आला. बाबांनी जिथे अख्खी नोकरी केली, त्या सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कार्यालयाच्या उघड्या काँक्रीटच्या इमारतीला आता बाहेरून काच आणि चकचकीत पत्रे लावायचे घाटतंय. कर्मचाऱ्यांची मतं मागवली आहेत. दादा म्हणाला, "काऊन नको म्हणतोस? जेल दिसते ती." मला फार लागलं ते.

मी लंडनला राहतो. इथलं बार्बिकन हे घरांचं आणि कलाकेंद्राचं संकुल बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालेल्या जागेवर उभं आहे. तिथलं काँक्रीट कामगारांनी हातोड्यांनी टोचून खडबडीत केलं. कुरूप म्हणून त्यालाही नावं ठेवली गेली. 2001 साली त्याला वारशाचं संरक्षण मिळालं. अशा बांधकामाच्या शैलीला ब्रूटॅलिझम म्हणतात. हे नाव क्रूरतेवरून पडलं असं वाटतं, पण ते फ्रेंच 'बेतों ब्रूत'वरून आलं. म्हणजे कच्चं, उघडं काँक्रीट.

थेम्सकाठच्या नॅशनल थिएटरच्या भिंतीवर सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांचे ठसे आहेत. लाकडाच्या रेषा, गाठी, दोन फळ्यांमधली फट, सगळं बोटाला लागतं. पहिल्यांदा हात फिरवला तेव्हा मला बाबांच्या ऑफिसचा जिना आठवला. त्याच रेषा. सुट्टीत डबा द्यायला जायचो तेव्हा त्या भिंतीला गाल लावून उभा राहायचो, गार वाटायचं.

खरं तर हे काँक्रीट लंडनपेक्षा नागपूरला जास्त शोभतं. इथे आभाळ राखाडी, भिंत राखाडी, पावसाचे काळे ओघळ. आपल्याकडे लख्ख ऊन पडतं आणि खोल छज्ज्याची सावली भिंतीवरून दिवसभर सरकत राहते. छज्जा, जाळी, रुंद व्हरांडा हे सगळं उन्हासाठीच केलेलं. मे महिन्यात पारा 45च्या आसपास असताना त्यावर काच लावायची आणि मग आतून एसी चालवायचे, हे मला कळत नाही.

इमारत गळते, हे दादाचं म्हणणं खरं आहे. पाणी मुरलं की आतल्या सळ्या गंजतात, फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे पाडतात. पण त्यावर दुरुस्ती आहे: खराब भाग फोडायचा, सळ्या साफ करून पुन्हा भरायचं. पत्र्यामागे तोच गंज फक्त दिसेनासा होईल.

दिल्लीचा हॉल ऑफ नेशन्स हा प्रदर्शनाचा हॉल आपण असाच घालवला. पोलाद महाग होतं, म्हणून 1972 साली वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंते महेंद्र राज यांनी त्याचा एवढा मोठा सांगाडा काँक्रीटमध्ये जागेवरच ओतून घेतला. एप्रिल 2017 मध्ये तो पाडला. ते फोटो पाहून मी रात्रभर झोपलो नव्हतो.

दादाला एवढंच सांगितलंय: मत लिहून देण्याआधी गच्चीवर जा आणि पावसाळी पाइपांची तोंडं तुंबलीत का बघ.