टीव्हीच्या मागे चिकटवलेला कागद

आपल्याकडच्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून आलेला टीव्ही भिंतीवर आहे. साहेब येणार असले की त्याच्यावरचं फडकं निघतं, फोटो ग्रुपवर पडतो आणि फडकं परत जागेवर. मग वरून निदान येतं की शिक्षकांना तंत्रज्ञान येत नाही, प्रशिक्षण लावा.

हे निदानच चुकलंय. दिवसभर ऑनलाइन माहिती भरणाऱ्या माणसाला टीव्ही लावता येत नाही होय? आपल्या वर्गातलं नेमकं कोणतं दुखणं यानं कमी होतं, हे त्यानं स्वतः पाहिलेलं नाही, म्हणून तो वापरत नाही. ते दाखवायला कृतिसंशोधनासारखं दुसरं साधन नाही. कुर्ट लेविननं हा शब्द १९४० च्या दशकात रूढ केला, स्टीफन कोरीनं १९५३ च्या पुस्तकातून तो शाळेपर्यंत आणला. म्हणणं एवढंच, की ज्याचं काम त्यानंच तपासावं, सुधारावं, परत तपासावं. आपण त्याचा स्पायरल बाइंडिंग केलेला अहवाल करून टाकला.

पहिली चूक शीर्षकातच होते. ‘तंत्रज्ञानाच्या साहाय्याने गणितातील गुणवत्ता वाढविणे’ हा विषय चार आठवड्यांत तर सोडाच, चार वर्षांतही आवरणार नाही. चौथीच्या वर्गात शून्य असलेली हातच्याची वजाबाकी, एवढंच घ्या. ४०२ − १७८ सारखी दहा गणितं द्या आणि गुण मोजण्याआधी चुका वाचा. उत्तर २२४. पण ३७६ लिहिणारं पोर प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतंय, म्हणजे हातचा म्हणजे काय हेच त्याला कळलेलं नाही. २३४ लिहिणाऱ्यानं शतक फोडलं, दशकाच्या घरात दहा आणले, त्यातला एक एककाला दिला. पण तिथं नऊ उरले हे विसरला. दोघांनाही गुण शून्य, औषध मात्र वेगळं. पहिल्याला गठ्ठा सुटून काड्या होतानाचा व्हिडिओ खरोखर उपयोगी पडतो. दुसऱ्याला व्हिडिओ दाखवून फार काही होणार नाही; त्याला वहीत घर आखून सराव हवा. टीव्ही कुठं लावायचा नाही हे शिक्षकाला स्वतःच्या कागदावरून कळलं, की तो टीव्हीवर विश्वास ठेवायला लागतो. गंमत आहे, पण असंच होतं.

आठवड्याला तीन तासिका, प्रत्येकीत सहा-सात मिनिटं व्हिडिओ, मध्ये थांबवून प्रश्न, मग काड्या आणि वही. अख्खी तासिका व्हिडिओ चालला तर वर्ग शांत बसतो आणि शिकत काही नाही. पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमधला घटक घरीच डाउनलोड करून आणा, शाळेत रेंजची वाट बघू नका. नंतरच्या चाचणीत आकडे बदला, काठिण्य तेच ठेवा. आणि तीन आठवड्यांनी तिसरी चाचणी घ्याच. नव्याचे नऊ दिवस असतात. टीव्ही नवा म्हणून वाढलेले गुण तिथं गळून पडतात.

वेळ मात्र आपल्या भागाप्रमाणे निवडा. दिवाळीच्या आसपास बीड, धाराशिव, जालन्याकडची पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. ऑगस्टमधली २२ पोरं आणि डिसेंबरमधली १५ पोरं यांच्या सरासरीची तुलना करून ‘प्रगती’ दाखवणारे अहवाल निघतात, ते निव्वळ फसवे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरका आणि सगळ्या चाचण्यांना हजर असलेल्यांचेच गुण नावनिशी समोरासमोर मांडा. पत्र्याच्या खोलीत पावसाचा आवाज स्पीकरला गिळतो, त्यामुळे आवाज बंद ठेवूनही कळेल असाच व्हिडिओ निवडा.

दुसरं कृतिसंशोधन केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्यांनी करायचं, तेही स्वतःच्या कामावर. ‘टीव्ही वापरता का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणणार. त्याऐवजी टीव्हीच्या मागे एक कागद चिकटवा: तारीख, इयत्ता, घटक, मिनिटं, अडलं काय. तपासायचा तो शेवटचा रकाना. दट्ट्या लावण्यासाठी तो कागद वापरला, की दुसऱ्या दिवसापासून खोट्या नोंदी सुरू होतात. आणि मग दोष शिक्षकांना देऊ नये.

त्या रकान्यात अध्यापनशास्त्र फारसं सापडणार नाही. लाइट गेली, केबल सापडली नाही, पासवर्ड बदली झालेल्या सरांकडे, बिघडला तर भरपाई कोण देणार, असंच असतं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा, आणि त्याचं उत्तर प्रशिक्षणात कधीच मिळत नाही. दुरुस्ती शाळेच्या खर्चातून होईल, असा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव इतिवृत्तात घ्या. ४३ इंची एलईडी टीव्ही साधारण १०० वॉटच्या आत चालतो, म्हणजे शाळेत संगणकासाठी इन्व्हर्टर असेल तर तोच पुरतो; फक्त बॅटरीत पाणी कोण घालणार ते नाव लिहून ठेवा.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, दोन शिक्षकांना दहा-दहा मिनिटं द्या. त्यातला एक ज्याचं जमलं नाही असा हवा. पीपीटी नको, पोरांच्या दोन वह्या आणि तो कागद पुरे. ‘माझ्याकडं २३४ वाली सात पोरं तशीच राहिली’ असं एकानं सांगितलं, की शेजारच्या शाळेचे सर आपोआप विचारतात, मग तुम्ही पुढं काय केलं?