काळ्या घोड्याची नाल

मेटल डिटेक्टर घेतलात ना? हेडफोनसकट? मग निम्मं इतिहास संशोधन झालंच.

आता जागा. किल्ल्यावर नको, तिथे पाटी असते आणि कधीमधी पहारेकरीही. जुन्या घोडदळाच्या छावणीची जागा शोधा. छावणीला ना तट, ना बुरूज, ना पाटी. चिपळूणजवळ दळवटण्याला शिवरायांचं घोडदळ होतं. त्या छावणीला महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे, पण जाण्यापूर्वी ते वाचू नका, उत्साह मावळतो. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, असलंच सगळं त्यात. जिथे गवताच्या काडीचा हिशेब मागतात, तिथे मोहरांचा हंडा कोण पुरणार, ही शंका मनात येता कामा नये.

प्रेरणा हवी असेल तर बुऱ्हाणपूरकडे बघा. १६८१ मध्ये मराठ्यांनी ते शहर लुटलं. २०२५ च्या मार्चमध्ये, ‘छावा’ हा संभाजीराजांवरचा सिनेमा गाजत असताना, जवळच्या असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते. शेत कुणाचं, हे विचारायला वेळ कुणाला होता?

यंत्र वाजलं की कुदळ घाला. वस्तू किती खोल होती, शेजारी काय होतं, हे लिहीत बसू नका. ते वेड अमेरिकेतल्या लोकांचं. तिथल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठी १८७६ मध्ये कस्टर या अमेरिकी सेनाधिकाऱ्याच्या घोडदळाचा धुव्वा उडाला. १९८३ च्या वणव्यात तिथलं गवत जळालं आणि पुढच्याच वर्षी पुरातत्त्ववाले रांगेत डिटेक्टर फिरवत निघाले. वस्तू सापडली की उचलायची नाही, झेंडी रोवायची, मोजमाप घ्यायचं. मग काडतुसाच्या पुंगळ्यांवरच्या खुणा जुळवून कुठली बंदूक कुठून कुठे सरकली, ते काढलं. इतका खटाटोप करून विकलं काय? काहीच नाही!

कायद्याचं म्हणाल तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये! हल्ली त्यात धड वडापाव येत नाही. तेव्हा जे सापडेल ते नऊ रुपयांचं समजा.

सापडेल काय? गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची बुचं, ट्रॅक्टरचा नटबोल्ट. नशीब जोरावर असेल तर एक गंजकी, अर्धी नाल. ती ‘मावळ्याच्या काळ्या घोड्याची’ म्हणून साडेसातीवाल्याला अंगठीसाठी विका. अर्धीच का, असं विचारलं तर लढाईत तुटली म्हणा. फक्त गावातल्या म्हाताऱ्या नालबंदाला दाखवू नका. बैलाचा खूर दुभंगलेला असतो आणि त्याला दोन अर्ध्या पत्र्या ठोकतात, हे त्याला माहीत असतं.