खुलासा: कॅमेरा रोज बंद-चालू केल्याने हॅकिंग थांबत नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: ‘सीसीटीव्हीचा डीव्हीआर रोज रात्री एकदा बंद करून चालू करा, व्हायरस निघून जातो.’ डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा. हा मेसेज अर्धाच खरा आहे, आणि म्हणूनच घातक आहे.

2016 साली पसरलेला मिराई हा व्हायरस उपकरणाच्या तात्पुरत्या मेमरीत राहायचा. वीज गेली की तो पुसला जायचा, हे बरोबर. पण पासवर्ड कंपनीचाच असेल, तर इंटरनेटवरची इतर बाधित उपकरणं काही मिनिटांत तो पुन्हा घुसवायची. त्याच्याकडे युजरनेम-पासवर्डच्या साठेक तयार जोड्यांची यादी होती, ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ त्यातलीच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी राउटरची नेटची वायर काढा. मग डीव्हीआर बंद-चालू करा. नेट नसतानाच नवा, लांब पासवर्ड ठेवा. राउटरमध्ये यूपीएनपी आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्या नेटवरून आतल्या उपकरणापर्यंत वाट उघडणाऱ्या सोयी) बंद करा. त्यानंतरच वायर जोडा आणि फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा.

एक अडचण उरते. काही जुन्या स्वस्त डीव्हीआरमध्ये टेलनेटचा (नेटवरून दुरून उपकरणात शिरण्याच्या जुन्या सोयीचा) पासवर्ड कारखान्यातच कोरलेला असतो. स्क्रीनवरचा पासवर्ड बदलला तरी तो तसाच राहतो. असं उपकरण नेटला जोडूच नका, रेकॉर्डिंग जागेवरच पाहा. हा दोष वापरणाऱ्याचा नाही, बनवणाऱ्याचा आहे. ब्रिटनने 29 एप्रिल 2024 पासून सगळ्या उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देणं कायद्याने बंद केलं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.