करार हातात, तरी म्हणे नोकरी शोधा

आज परत आम्टचं, म्हणजे इथल्या जर्मन रोजगार कार्यालयाचं, पत्र आलं. तेच खिडकीवालं पाकीट, तोच करडा कागद. पत्रावरची तारीख गेल्या आठवड्यातली आणि आत हुकूम काय, तर ‘विनाविलंब अर्ज करा’. विलंब तुम्ही करून ठेवलाय की!

नोकरी कसली सुचवलीय ऐका. टेंप एजन्सीतर्फे, हाइलब्रोनच्या बाजूला, क्वालिटी इन्स्पेक्टर, तीन पाळ्यांत. मी राहते ब्योब्लिंगनला. जाऊन-येऊन अडीच तासांच्या आत बसतं म्हणे, म्हणजे कायद्याने ‘रास्त’. रेल्वे वेळेवर आली तर, हे कुठेच लिहिलेलं नाही. इथली रेल्वे! त्या विषयावर आत्ता नको, बीपी वाढतं. पगार आधीपेक्षा कमी, पण बेरोजगारीच्या पहिल्या तीन महिन्यांत २० टक्क्यांपर्यंत कमी असला तरी चालवून घ्यायचा, तेही रास्तच. आणि जाहिरातीत शेवटी सोयीसुविधा म्हणून काय दिलंय? तरुण, उत्साही टीम आणि फळांची टोपली. या देशातल्या प्रत्येक एचआरला कोणी सांगितलंय की माणूस केळ्यासाठी नोकरी करतो?

बरं, मी नोकरी शोधत असते तर गोष्ट वेगळी. माझ्याकडे नव्या कंपनीचा करार आहे. दोन्ही बाजूंच्या सह्या झालेला. प्रोजेक्ट उशिरा सुरू होतोय म्हणून रुजू व्हायची तारीख पुढच्याच्या पुढच्या महिन्यातली, एवढंच. त्याची प्रत मी आम्टमधल्या बाईंना स्वतः नेऊन दिली. त्यांनी हसून अभिनंदन केलं आणि त्याच दमात म्हणाल्या, ‘पण पहिल्या दिवसापर्यंत तुम्ही बेरोजगारच ना, तोवर प्रयत्न चालू ठेवा.’ प्रयत्न कशाचे? मिळालेली नोकरी परत मिळवण्याचे?

माझ्या एका मैत्रिणीला, दुसऱ्या शहरात, करार बघून तिथल्या माणसाने सांगितलं की आता तुम्ही निवांत राहा, सुचवण्या बंद करतो. कायदा तोच, देश तोच. म्हणजे सगळं तुमच्या फायलीवर कोण बसलंय यावर. आणि वर आपल्याला सांगायचं की इथे सगळं नियमाने चालतं.

खरा पेच पुढेच आहे. अर्ज केला आणि समोरच्याचा फोन आला, तर बोलायचं काय? खरं सांगितलं की बाबा, मी दुसरीकडे सही केलीय, तर तो तसं आम्टला कळवणार, आणि ते म्हणणार तुम्ही मुद्दाम नोकरी घालवलीत. लागली श्पेर्त्साइट, म्हणजे बेरोजगारी भत्त्याला टाळं. पहिल्यांदा ३ आठवडे पैसे बंद, दुसऱ्यांदा ६, मग १२. बेरोजगारीचे पाढे. खरं नाही सांगितलं, तर त्या बिचाऱ्या एचआरच्या पोरीचा अर्धा तास खायचा, ‘तुमच्या कंपनीबद्दल मला लहानपणापासून ओढ आहे’ छापाचं बोलायचं, आणि दोन महिन्यांत तिला टांग मारून जायचं. ती पत्राच्या मागची कायदेशीर ताकीद मी दोनदा वाचली. मुख्य मजकुरापेक्षा लांब आहे. खरं बोलणाऱ्या माणसाने काय करावं याबद्दल तिच्यात एक ओळ नाही.

आणि कृपा करून कोणी मला ‘सरकार फुकट पैसे देतंय’ असं ऐकवू नका. विमा आहे तो. पगारातून दर महिन्याला १.३ टक्के माझे कापले गेलेत, तेवढेच कंपनीने भरलेत. इतकी वर्षं पावतीवर ती ओळ बघून मी कधी हूं की चूं केलं नाही.

हे ऐकवणारा पहिला माणूस अर्थात माझा भाऊ. पुण्यातून. ‘ताई, घरबसल्या हातात पडणाऱ्या पगाराच्या ६० टक्के मिळतायत आणि रडतेस काय? आमच्याकडे काढलं की लॅपटॉपबरोबर त्याची बॅगसुद्धा परत मागतात.’ तिकडे ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, एक योजना आहे, ९० दिवसांपर्यंत अर्धा पगार, पण २१ हजारांवर पगार गेला की ईएसआयच नाही, मग याला आयटीत कोण विचारतंय. त्याचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच फोन आपटला.

गणपतीला घरी जायचं म्हटलं तर तेही आम्टला विचारून. वर्षातून ३ आठवडे, आणि पहिल्या तीन महिन्यांत तर विचारूच नये असा सूर. या वयात मी आई-बाबांना कळवते की येणार का ते बाईंना विचारून सांगते. बाबांना वाटलं सासूबाईंना.

आणि नोकरी गेल्याचं कळल्यापासून तीन दिवसांत आम्टला कळवलं नाही तर एक आठवडा कापणार, हा आणखी एक नियम. कळवलं मी. रडत रडत फॉर्म भरला, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या डिपार्टमेंटसाठी घरी केक भाजून नेला, कारण इथे निरोप घेणाऱ्यानेच खाऊ घालायचं असतं. काढलं तुम्ही, केक मी! दोन अंडी जास्त घातली होती, त्याचंही आता वाईट वाटतंय.

मंडळाच्या ग्रुपवर बडबडले तर एक दादा म्हणाले, ‘अगं, एवढं काय, पाच मिनिटांत अर्ज टाकून मोकळी हो.’ दादा, तुम्ही टाका. मला अर्ज टाकता येत नाही, मला तो लिहावा लागतो. स्वल्पविराम चुकला की मला झोप येत नाही. गेल्या वेळी सुचवलेल्या, मला मुळीच नको असलेल्या नोकरीसाठी मी रात्री एक वाजेपर्यंत जर्मन विशेषणांची शेपटं तपासत बसले होते. फोटोसुद्धा बदलला, जुन्यात केस चपटे दिसत होते.

त्यांचं उत्तर काल आलं. ‘इतर उमेदवार अधिक योग्य वाटले.’

अधिक योग्य? कोण? मी बारा मिनिटं त्यांच्या वेबसाइटवर टीमचे फोटो बघत होते. नवरा म्हणाला, ‘तुला ती नको होती ना?’ नको होती! पण नाही मी म्हणायचं होतं!

असो. तो नकार पुरावा म्हणून फायलीला लावायचाय, म्हणजे प्रयत्न केल्याचं दिसेल. नाही दिसलं तर २ आठवडे त्याचेही कापतात. प्रिंटरने आत्ताच सांगितलं, निळी शाई संपली. काळ्या अक्षरांच्या पत्राला निळी शाई कशाला लागते रे मेल्या?