काचेचा आकडा तोंडपाठ, फटीचं विचारलं की कानावर हात

खिडक्या बदलायच्या म्हटल्यावर जो येतो तो काचेचंच गाणं गातो. दुहेरी काच, लो-ई काच (म्हणजे उष्णता परत फिरवणारा अगदी पातळ थर दिलेली), मध्ये आर्गॉन वायू, यू-व्हॅल्यू १.१. चकचकीत कॅटलॉग उघडायचा, त्या आकड्यावर बोट ठेवायचं आणि आपण मान डोलवावी म्हणून बघत बसायचं. अहो, पण माझ्या भिंतीत नुसती काच बसणार आहे का? चौकट बसणार, झडपा बसणार, चौकटीभोवती फट राहणार. त्यांचं काय? एवढं विचारलं की, "मॅडम, ते सगळं आमच्यावर सोडा." का सोडू? पैसे मी मोजणार, उकाड्यात मी बसणार, आणि पावसाचं पाणी भिंतीत मुरलं तर ती ओलही माझ्याच घरात.

तो १.१ चा आकडा खोटा नाही, संताप त्याचाच येतो. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, ती यू-व्हॅल्यू. साध्या एकेरी काचेची ५.७ च्या आसपास असते. दोन काचा आणि मध्ये नुसती हवा असेल तर साधारण २.८. लो-ई थर आणि आर्गॉन आला की १.१ पर्यंत उतरते. सगळं खरं. फक्त हा आकडा काचेच्या मधोमध मोजलेला असतो, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही. कडेला दोन काचांमध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी पट्टी असते. ती साध्या ॲल्युमिनियमची असेल तर उष्णता तिथून आरामात ये-जा करते. मग चौकट. आतल्या आणि बाहेरच्या भागामध्ये पॉलिअमाइडची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या प्लास्टिकची पट्टी नसलेली ॲल्युमिनियमची चौकट म्हणजे तिची यू-व्हॅल्यू सहाच्या घरात. खिडकीचा पाव भाग चौकटीने व्यापला असेल तर हिशोब करा: काचेचे पाऊण भाग १.१ ने, चौकटीचा पाव भाग ६ ने. बेरीज २.३ च्या वर जाते, आणि त्यात स्पेसरच्या कडेचं नुकसान अजून धरलेलंच नाही. म्हणजे दाखवताना १.१ आणि घरात येताना दुपटीहून जास्त! एवढा फरक गिळून माणूस समोर हसत बसतो आणि आपण त्याला चहा विचारायचा.

पूर्ण खिडकीचा आकडा काढता येत नाही असंही नाही. त्यासाठी आयएसओ १००७७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अमेरिकेत एनएफआरसी या खिडक्यांचं मानांकन करणाऱ्या संस्थेच्या लेबलवर काच-चौकट धरून अख्ख्या खिडकीचाच आकडा छापतात. मी एवढंच म्हटलं की काचेचा नको, खिडकीचा आकडा कोटेशनवर लिहून द्या. उत्तर आलं, "एवढं कोणी विचारत नाही." कोणी विचारत नाही म्हणून सांगायचं नाही, हा कुठला न्याय?

आणि माझी मुख्य अडचण तर ऊन आहे. पश्चिमेच्या खिडक्या. दुपार कलली की ऊन थेट खोलीत घुसतं. त्यासाठी वेगळा आकडा लागतो, एसएचजीसी. काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते ते त्यावरून कळतं. यू-व्हॅल्यू १.१ असलेल्या दोन काचांपैकी एकीचा हा आकडा ०.६ असू शकतो आणि दुसरीचा ०.३ च्याही खाली. थंडीत ऊन आत यायला हवं असेल त्याने पहिली घ्यावी, मला दुसरी हवी. इतका सरळ प्रश्न. पण विकायला आलेल्या माणसाने हे नावच ऐकलेलं नव्हतं! वर मला काळपट काच दाखवून म्हणतो, "ही घ्या, ऊन लागणारच नाही." काच काळी केली की आधी उजेड जातो, उष्णता त्याच प्रमाणात अडते असं नाही. ती काच तापते आणि तापून आत उष्णता फेकत राहते. भरदुपारी दिवे लावून बसायचं आणि त्याला वीजबचत म्हणायचं?

"बिल निम्मं होईल" हे तर सगळेच बिनदिक्कत ठोकून देतात. घर न पाहता, छत न पाहता, खिडक्या कुठल्या दिशेला आहेत तेही न विचारता. उष्णता छतातून येते, भिंतींतून येते, दाराखालच्या फटीतून येते. एकट्या खिडक्या बदलून बिल निम्मं कसं होईल? खिडकीवर बाहेरून सावली केली तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही, आणि त्याचा खर्चही कमी येतो. पण ते सांगितलं तर यांची काच खपणार कशी!

मी नमुना म्हणून आधी एकच खिडकी बसवून घेतली. बरं झालं. कारण त्या एका खिडकीत या लोकांचं सगळं कसब बघायला मिळालं.

माप घ्यायला आलेल्याने टेप एकदाच मधोमध धरला आणि आकडा खिशातल्या कागदावर खरडला. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजायची असते, उंचीही तशीच, आणि सगळ्यांत लहान माप धरायचं. दोन्ही कर्ण मोजायचे, म्हणजे भिंतीतली जागा काटकोनात आहे की नाही ते कळतं. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच एकदा तशी झाली की कापता येत नाही, त्यामुळे चुकलेल्या मापाला मागाहून उपाय नाही. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाला, "आमचं रोजचं काम आहे." रोजचं काम आहे म्हणूनच नीट करा ना! चौकट आली तर एका बाजूला बोटभर फट. त्यात फोम फवारला, वरून सिलिकॉनचा जाड थर फासला, झालं काम. पीयू फोम उष्णता अडवायला असतो, पाणी अडवायला नाही. बाहेरून तो उघडा राहिला की उन्हाने भुगा होतो. फटीत आधी गोल फोमची दोरी दाबून बसवायची आणि तिच्यावर सीलंट, म्हणजे फट बुजवायचा लवचीक मसाला भरायचा, म्हणजे सीलंट दोन्ही कडांना धरून राहतं आणि ताणलं तरी फाटत नाही. ही दोरी त्याच्या पिशवीतच नव्हती.

मग खालची भोकं. चौकटीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात, आत शिरलेलं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून. या पठ्ठ्याने ती सिलिकॉनने बुजवली. "पाणी आत येऊ नये म्हणून बंद केली." आता पाणी रुळात साचणार, तुंबणार आणि वाट काढून घरातच उतरणार. खिडकी बसवणाऱ्याला खिडकीतलं पाणी कुठून जातं हे मी सांगायचं?

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे काच. दुहेरी काचेच्या चार बाजू धरतात, बाहेरून आत एक ते चार. ऊन अडवायचं असेल तर लो-ई थर दुसऱ्या बाजूला हवा, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. तपासायला काही यंत्र लागत नाही. अंधारात आतून काचेजवळ मेणबत्ती धरा, ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात आणि त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असतं. आपल्याजवळून मोजताना ते तिसरं असायला हवं. माझ्या खिडकीत दुसरं निघालं. काच उलटी बसवलेली! आतली काच उन्हाने तापते आणि ती उष्णता खोलीतच येते. फोन केला तर उत्तर काय, "मॅडम, काच ती काच, दोन्हीकडून सारखीच." मग त्या थराचे वेगळे पैसे कसले लावलेत?

तक्रार केल्यावर टोलवाटोलवी सुरू झाली. काचवाला म्हणतो बसवणाऱ्याकडे जा. बसवणारा म्हणतो, मी मजुरीवर आलो, मालकाशी बोला. मालक म्हणतो, वॉरंटी आहे ना, दहा वर्षांची. वॉरंटी वाचली. दोन काचांमधलं सील सुटून आत धुकं धरलं तर काच बदलून मिळेल, बिजागऱ्या आणि हँडलची मुदत वेगळी आणि बरीच कमी, आणि बसवण्याच्या कामाबद्दल एक ओळ नाही. जिथे सगळं बिघडलं नेमक्या त्याच कामाला कोणी वाली नाही!

एवढं करून उरलेल्या खिडक्यांसाठी सगळी रक्कम आगाऊ पाहिजे. आज परत फोन आला, "मॅडम, दर वाढणार आहेत, लवकर ठरवा." मी ठरवलेलंच आहे आणि त्याला स्पष्ट सांगितलं. ती काच फिरवून बसवायची. भोकं मोकळी करायची. फोम कापून फट पुन्हा नीट भरायची. नव्या कोटेशनवर पूर्ण खिडकीची यू-व्हॅल्यू, एसएचजीसी, लो-ई थर कोणत्या बाजूला, स्पेसर कसला, फट कशाने भरणार आणि बसवण्याच्या कामाची हमी किती वर्षं, हे सगळं सही-शिक्क्यानिशी हवं. सरकत्या झडपांच्या जागी बाहेर उघडणाऱ्या हव्यात, कारण त्या बंद करताना रबरावर घट्ट दाबून बसतात, सरकत्या नुसत्या ब्रशवर घासत राहतात आणि वारा आत येतो. आणि शेवटचा मोठा हप्ता मी प्रत्येक खिडकीवर पाण्याचा पाइप मारून बघितल्यावरच मिळेल.

"विचारून सांगतो" म्हणाला आणि फोन ठेवला. विचार बाबा, कोणाला विचारायचं ते विचार. तोवर जुन्या खिडक्यांच्या फटींना रबराच्या पट्ट्या मी लावून घेते आणि पश्चिमेला बाहेरून पडदे टांगते. आगाऊ एक पैसा सुटणार नाही.